दोन खुर्च्यांच्या मधे उभ्या आडे मॅडम

परवा आमच्या कॉलेजात रंगकाम निघालं. शिपाई विचारायला आला, "सर, आठ नंबरच्या वर्गातल्या त्या दोन खुर्च्या हलवू का? फळ्यासमोर उगाच अडगळ होऊन राह्यली." मी असा काही भडकलो की तो बिचारा दारापर्यंत मागे सरला. "हात लावू नको त्यायले," मी म्हणालो, "आडे मॅडमच्या हायेत त्या." तो म्हणाला, "मॅडम तं रिटायर होऊन गेल्या ना, सर." अरे बाबा, गेल्या हे मलाही ठाऊक आहे. पण खुर्च्या तिथंच राहिल्या, आणि रंगारी त्यांना वळसा घालून भिंत रंगवून गेला.

सुमित्रा आडे. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या. बंजाऱ्यांचं घर, घरची भाषा गोरमाटी. शाळेत गेल्यावर मराठीशी गाठ पडली, कॉलेजात इंग्रजीशी, आणि शेवटी बाई इंग्रजीच्याच प्राध्यापक होऊन वाशीमला आमच्या कॉलेजात आल्या. मी मराठीचा मास्तर. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नसे. ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि तिच्याखाली पोरांसारखे पांढरे बूट. पर्समध्ये कागदाच्या पुडीत फुटाणे. वर्गात ज्याचं उत्तर चुकेल त्याला मूठभर फुटाणे मिळायचे. बरोबर उत्तरवाल्याला काही नाही. मी एकदा म्हणालो, "मॅडम, हा उलटा न्याय झाला." त्या म्हणाल्या, "चुकलं म्हंजे लेकरानं कायीतरी करून पाह्यलं ना, सर. बरोबरवाल्यानं गाइडातून उतरवलं असन."

तीन भाषांत त्यांचे तीन आवाज होते. इंग्रजी हळू, जपून, प्रत्येक शब्दाखाली हात धरल्यासारखं. वऱ्हाडी एकदम फटकळ. आणि फोनवर जमनाकाकीशी गोरमाटी सुरू झालं की खिडक्यांची तावदानं वाजायची. ही जमनाकाकी म्हणजे त्यांच्या चुलत्याची बायको. मॅडमचे आईवडील ऊसतोडीला जायचे. कधी पोरीला बरोबर न्यायचे, कधी काकीजवळ ठेवून जायचे. म्हणून आईइतकीच काकी. तांड्यावर रेंज नसली तरी चालेल, मॅडमचा आवाज तसाच पोचेल, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणत असू, आणि मॅडमना ते ऐकू गेलं की आणखी मोठ्यानं बोलायच्या.

एम.ए.ला भाषांतराचा पेपर होता. तो शिकवायला कोणी तयार नसे. एक तर पोरं कमी, त्यात सिद्धान्तांची अशी गर्दी की नावं पाठ करतानाच जीव जाई. मॅडमनी तो मागून घेतला. पहिल्या तासाला म्हणे त्यांनी फळ्यासमोर दोन रिकाम्या खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवर ज्यानं मूळ लिहिलं किंवा बोललं तो बसला आहे असं समजायचं, दुसरीवर ज्याच्यासाठी भाषांतर करायचं तो. आणि भाषांतर करणारा दोघांच्या मधे उभा. एका पोरानं विचारलं, "मॅडम, त्याले खुर्ची नाई का?" मॅडम म्हणाल्या, "नाई. त्यानं उभंच राहाचं. बसला की कोनाकडंतरी पाठ होते." पुढं सगळी वर्षं त्या स्वतःही वर्गात कधी बसल्या नाहीत. गुडघे दुखायला लागले, डॉक्टरनी ताकीद दिली, तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्याच.

आता मी खरं सांगतो, मला सिद्धान्त म्हटलं की जांभई येते. भाषांतर म्हणजे काय, इकडचा शब्द तिकडं, व्याकरण नीट, संपलं. असं मी बोललो की मॅडम खवळायच्या. "तुमी पन्नास वर्षं मागं हाय, सर. शब्दाले शब्द जुळते का, यावर लोकायनं लय डोकं लावलं, आता पुढं गेले ते. आता इचारतात, हे कोनासाठी चाललं? कायले चाललं? कोनाच्या हातात सत्ता हाय आन कोनाची भाषा दबून राह्यली?" मी म्हणायचो, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं: "सिद्धान्त रस्ता दाखवत नाई, सर. गड्डा कुठं हाय ते दाखवते. चालाचं आपल्यालेच."

गजाननचा किस्सा कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. गजानन रिठदचा, शेतकऱ्याचा मुलगा, अभ्यासात हुशार. मॅडमनी भाषांतराला कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारं इंग्रजी माहितीपत्रक दिलं. गजाननानं अशी काही मराठी लिहिली की मी वाचून त्याची पाठ थोपटली. 'संरक्षक वेष धारण करावा, श्वसनमार्ग आच्छादित ठेवावा, वायुप्रवाहाच्या दिशेचे अवधान राखावे.' मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "तुह्या बाबाले घेऊन येजो उद्या." पोरगं घाबरलं. त्याला वाटलं तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी गजाननचे वडील धुतलेलं धोतर आणि टोपी घालून हजर. मॅडमनी त्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवलं, ऐकणाऱ्याच्या. गजानन मधे उभा राहून वाचू लागला. वडील हात जोडून, मान हलवत, कीर्तनात बसावं तसे ऐकत होते. वाचून झालं. ते म्हणाले, "लय चांगलं वाचलं पोट्ट्यानं. लय चांगलं." मॅडमनी विचारलं, "मंग भाऊ, आता घरी जाऊन काय करान?" ते म्हणाले, "करतो काय, कपाशीवर माव्याचा रोग हाय, फवारनी हाय सांजच्याले." "कशी करान?" "रोज करतो तशीच."

वर्ग हसला, गजानन लाल झाला, आणि मॅडमनी त्याला मूठभर फुटाणे दिले. मग त्याला तिथंच उभं ठेवून पुन्हा सांगायला लावलं. वडिलांकडे बघून, कागदाकडे नाही. पोरगं अडखळत म्हणालं, "बाबा, वारा पाठीमागून असन तवाच फवारा. तोंडाले फडकं बांधा, आन ते फडकं घरच्या कपड्यायत धुवू नका. फवारून झालं की आधी आंघोळ, मंग भाकर." वडील पहिल्यांदाच पुढं सरकून बसले. "आन मधातच वारा फिरला त?" त्यांनी विचारलं. मॅडम टाळीच वाजवायच्या बाकी राहिल्या होत्या. पोरांना म्हणाल्या, "आयकलं का? पयल्या वेळी तारीफ आली. आता सवाल आला. सवाल आला म्हंजे पोचलं." त्यांच्या पुस्तकांत याला हेतूचा सिद्धान्त म्हणतात, जर्मनीकडून आलेला. भाषांतर कशासाठी केलंय ते काम त्यानं केलं की नाही, एवढं बघायचं. हे मला गजाननच्या बापामुळे कळलं असं मी म्हणालो तर मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, कोनामुळंतरी कळलं."

एकदा मात्र आमचं जोरात वाजलं. शिरपूरची एक मुलगी परदेशातली गोष्ट मराठीत करत होती. गोष्टीत बर्फ, काळा आंबूस पाव आणि सुकवलेली मासळी. पोरगी माझ्याकडे आली, मी सांगितलं, वाचकाला आपलंसं वाटलं पाहिजे, पावाची भाकर कर, मासळीचं पिठलं कर, बर्फाचं धुकं कर. पोरगी खूश. संध्याकाळी मॅडम तो कागद हातात धरून स्टाफरूममध्ये शिरल्या. "हे तुमी सांगतलं का?" म्हटलं, हो, मीच. "सर, तुमच्या घरी पावना आला त त्याचे कपडे काढून घेता का? तुमचं धोतर नेसवता का त्याले?" मी म्हणालो, अहो, पण त्याला आमची भाषा कळायला नको का? त्या म्हणाल्या, "कळू द्या ना. पावना पावन्यासारकाच दिसू द्या. फक्त त्याले पानी मागता आलं पायजे, एवढं करा. आमचं लोकायनं तसंच केलं, सर. तांड्यावरचं कायी छापलं की त्याचं सारं वारकऱ्यासारकं, नाई त सिनेमासारकं करून टाकते. मंग आमी आमालेच वळखत नाई." त्या एकदम 'आमचं' म्हणाल्या, तेव्हा मी तो कागद पोरीकडे परत पाठवला. पोरीनं काळा पाव काळा पावच ठेवला. वाचताना मलाही तो आंबट लागला, हे मी मॅडमना सांगितलं नाही.

हे सगळं त्या विद्यापीठात शिकल्या असं आम्हाला वाटायचं. एकदा वाशीमच्या बसस्टँडवर बसची वाट पाहताना त्यांनी सहज सांगितलं की भाषांतर त्या लहानपणीच करायच्या, दक्षिणेकडच्या उसाच्या फडात. आईबापांना मराठी जेमतेम, मुकादमाला गोरमाटी नाही. मधे ही परकर घातलेली पोरगी. एकदा मुकादम बापावर तुटून पडला, मोळ्या नीट बांधल्या नाहीत म्हणून, आणि आईवरून नको ते बोलला. मग पोरीला म्हणाला, सांग तुझ्या बापाला. "मी काय सांगनार, सर? मी बाले म्हटलं, मुकादम म्हनते मोळी थोडी घट्ट बांधजा, आन ऊन हाय त जपून राहा." मी विचारलं, मग? "बा म्हने, बरं, त्याले सांग, मेहेरबानी." मॅडम हसल्या. "लय वर्षांनी कळलं, बाले मराठी शिव्या सगळ्या समजत. मी खोटं सांगून राह्यली हे त्याले माहीत होतं. त्यानं माहं भाषांतर जसंच्या तसं घेतलं. आता पोट्टे मले इचारते, भाषांतरात इमान म्हंजे काय. काय सांगू त्यायले?" बस आली, आणि त्या पांढरे बूट आपटत गर्दीत घुसून माझ्यासाठीही जागा धरून बसल्या.

आता ढावलोबद्दल सांगतो, कारण मॅडमचा खरा जीव त्यात होता. बंजाऱ्यांची मुलगी लग्न होऊन निघते तेव्हा घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडते. ते रडणं मोकाट नसतं, त्याला शब्द असतात, चाल असते. लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बाया नवरीला ते शिकवतात. त्याला ढावलो म्हणतात. मॅडमना तो जमनाकाकीनं शिकवला होता. आता पोरी शहरात वाढतात, लग्नात डीजे वाजतो, ढावलो मागे पडला. मॅडमनी गावोगावच्या म्हाताऱ्यांचे ढावलो फोनवर रेकॉर्ड केले आणि मराठीत आणले. पुण्याचा एक प्रकाशक तयार झाला. प्रूफं मी वाचली आणि, बाप्पा, काय सुंदर मराठी! 'बा, तुझ्या अंगणातली शेळी मला ओळखते, तिला सांगू नको मी कुठं गेले.' मी घरी बायकोला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण बाईंचा नियम. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर कोणी बसल्याशिवाय भाषांतर सुटणार नाही, आणि या वेळी तिथं ढावलो ज्यांचा त्याच बाया हव्या होत्या. मला घेऊन त्या तांड्यावर गेल्या. जमनाकाकीच्या अंगणात बाया जमल्या. काकी म्हणजे उंच, काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या, तंबाखूनं काळे झालेले दात आणि सगळ्या तांड्यावर चालणारी जीभ. मॅडम मधे उभ्या राहून वाचू लागल्या. बाया शांत बसून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर काकीनं मान डोलावली आणि माझ्यासाठी म्हणून मराठीत म्हणाली, "लय चांगलं वाचलं सुमीनं. लय चांगलं." सगळ्या बाया म्हणाल्या, हो, लय चांगलं. मग चहा आला.

परतताना मानोऱ्याच्या स्टँडवर मॅडमनी चहा हातात घेतला आणि प्यायल्याच नाहीत. "पोचलं नाई, सर." मी म्हणालो, अहो, सगळ्यांनी तारीफ केली. "तेच म्हनते ना मी. गजाननच्या बानंबी केलती."

आठवडाभर त्या जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा ऐकत बसल्या. कानात इयरफोन, टेबलावर फुटाण्यांची टरफलं. एक दिवस त्यांनी एक इयरफोन माझ्या कानात कोंबला. "आयका. नवरीच्या आवाजाखाली दुसरा आवाज येते का?" येत होता. घोगरा, तुटक, मधेच हुंदका. "ज्याच्या गळ्यात पडली त्याचा आवाज हाय तो. माय असन, आजी असन. तिबी जबाब देऊन राह्यली. मी सारं भाषांतर केलं नवरीचं. हे गोंधळ समजून सोडून देल्लं. ढावलो एकटीचा नसतेच ना, सर! दोघीयचा असते. मी अर्धा ढावलो छापाले निघाली होती." त्यांनी त्याच दिवशी प्रकाशकाला फोन करून पुस्तक थांबवलं. मी ओरडलो, "मॅडम, असं कोणी करतं का? छापून टाका, दुसऱ्या आवृत्तीत बघू." त्या म्हणाल्या, "अर्ध्या मानसाचा फोटो छापाचा का मंग?"

त्यानंतर काही महिन्यांनी पायलचं लग्न ठरलं. पायल ही जमनाकाकीची नात. तिचे आईवडील बांधकामावर पुण्याकडे गेले आणि तिकडेच राहिले. पायल तान्ही असताना तिला सांभाळायला काकीही काही दिवस साइटवर जाऊन राहिली होती. पायल तिथंच मराठी शाळेत शिकली, नर्सिंग केलं, एका दवाखान्यात लागली. तरतरीत, बोलायला पक्की पोरगी. फोन हातातून सुटत नसे. पण गोरमाटी येत नव्हती. 'याडी' म्हणजे आई आणि असेच चार-सहा शब्द. लग्न मात्र तांड्यावरच व्हायचं, असा म्हातारीचा हट्ट, आणि त्या हट्टाच्या पोटात दुसरा हट्ट. नातीनं निघताना आपल्या गळ्यात पडून ढावलो म्हणावा. काकीला दम्यानं धरलं होतं. दुसरी नात नव्हती. "माह्या घरातून पोरगी मुक्यानं गेली त लोक काय म्हनतीन, तिले कोनी अडवनारं नव्हतं का?" असं ती मॅडमना म्हणाली. हे सांगताना मॅडमचा आवाज इंग्रजी बोलताना असतो तसा हळू झाला होता.

मॅडमनी सुचवलं, पायल मराठीत म्हणेल, माझं भाषांतर आहे. काकी उसळली. "मराठी बजाराची भाषा हाय. भाजी घ्याची, बस इचाराची, दवाखान्यात बोलाची. रडाची नाई ते." पायल तिथंच होती. ती म्हणाली, "मग आजी, मला येतच नाही तर मी काय करू? पाठ केलेलं गोरमाटी पोपटासारखं बोलू? मला त्यातलं एक अक्षर कळणार नाही." "नको बोलू. जाय मुकी," असं म्हणून म्हातारी आत गेली. एवढ्या वर्षांचे सिद्धान्त, दोन खुर्च्या, सगळं त्या अंगणात येऊन अडकलं. एका बाजूला मूळ, ते म्हणतं, माझी भाषांतरात जायची इच्छा नाही. दुसऱ्या बाजूला ऐकणारी पायल, तिला मूळची भाषाच येत नाही. मधे मॅडम उभ्या, आणि लग्न तोंडावर.

मॅडमनी रजा टाकली आणि तांड्यावर जाऊन राहिल्या. पुढचं मला पायलनं नंतर सांगितलं. मॅडमनी आपली मराठी ओळ म्हटली, ती शेळीची. पायल म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं शेळी कुठं होती? मी साइटवर वाढले. हे मी म्हटलं तर मलाच हसू येईल." कोणी दुसरा असता तर पोरीवर चिडला असता. मॅडमनी पर्समधून फुटाणे काढले, पोरीच्या हातावर ठेवले आणि विचारलं, "मंग तुह्याकडं काय होतं?" पायल बोलत गेली, मॅडम तिच्या बोलण्याला ढावलोची चाल लावत गेल्या. दर ओळीनंतर मॅडम थांबायच्या. "इथं काय म्हणायचं?" पायल विचारायची. मॅडम म्हणायच्या, "इथं कायी नाई. हे आजीचं हाय. ते मी लिहनार नाई, तूबी लिहजो नको." पायलनं विचारलं, "आणि आजीनं उत्तर दिलंच नाही तर?" मॅडम म्हणे फुटाणे चावत बसल्या.

लग्नाला आम्ही स्टाफमधले दोघं-तिघं गेलो होतो. उन्हाळा, मांडवाला हिरवं कापड, दाळबाटीचा घमघमाट. गाडी निघायची वेळ झाली. डीजे बंद झाला आणि मांडवात सगळ्यांना एकदम आपापला आवाज ऐकू यायला लागला. पायल नऊवारीत नव्हती की जुन्या आरशांच्या घागऱ्यातही नव्हती, साधा लाल शालू. आई, वडील, भाऊ, सगळ्यांच्या गळ्यात ती पडली, नुसती रडली. सगळ्यात शेवटी आजी. काकी खांबाला टेकून बसली होती, तोंड फिरवून. मॅडम तिच्या उजव्या हाताला उभ्या होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, पोरगी विसरली तर सांगायला तयार आहेत.

पायल आजीच्या पुढ्यात बसली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाली. मराठीच, पण चाल तीच, इयरफोनमधली. "आजी गं, साइटवर तू मला सिमेंटच्या पोत्यावर निजवलं. धूळ नाकात जाऊ नये म्हणून दुपारभर पदर धरून बसली. आता तो पदर मी कुठून आणू, आजी गं?" आणि थांबली. मॅडमनी सांगितलं होतं तसं, आजीची जागा सोडून थांबली.

काकी हलली नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी खोकलं. मला इतका राग आला त्या म्हातारीचा, की काय सांगू. म्हटलं, अगं बोल ना, लेकरू तुझ्या गळ्यात पडलंय! पायलनं पुन्हा श्वास घेतला आणि दुसरी ओळ सुरू करणार, तेवढ्यात काकीच्या छातीतून तो आवाज आला. घोगरा, दम्यानं तुटलेला. गोरमाटीत. तिनं पायलचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकेक शब्द तिच्या तोंडावर बोलत गेली. पायल मराठीत बोलायची, काकी गोरमाटीत. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू व्हायचं. मांडवातल्या सगळ्या बायांनी पदर तोंडाला लावले. माझ्या शेजारचा आमचा अकाउंट्सचा प्राध्यापक, जो गॅदरिंगमध्येही कधी हसत नाही, तो हमसून रडायला लागला.

मॅडमचे ओठ हलायचे थांबले होते. त्यांनी एकदा दोघींकडे बघितलं, हळूच मागं सरल्या, मांडवाच्या कडेची एक लाल प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसल्या. इतक्या वर्षांत दोघांच्या मधे उभ्या राहिलेल्या बाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. पांढरे बूट त्यांनी समोर लांब पसरले होते.

मी वाकून कानाशी म्हणालो, "काकी काय म्हणून राह्यली, मॅडम? सांगा ना."

आयुष्यभर ज्यानं विचारलं त्याला त्यांनी भाषांतर करून दिलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते तुमच्यासाठी नाई, सर."

"अहो, पण पायलला तरी कुठं कळून राह्यलं?"

"आयका ना चूपचाप," मॅडमनी पदराने चष्मा पुसला. "पोरगी जबाब देऊन राह्यली."